आस्कंद आणि मामाचे हात

अडावद, ता. चोपडा
२० नोव्हेंबर

भाऊ,

नमस्कार घे, आणि उभा असशील तर आधी बस. आपल्या पुनमचं लग्न ठरलं. मुलगा चाळीसगावचा, भूपेंद्र नाव. शेतीच्या पंपांचं दुकान आहे, बोलतो कमी आणि जेवतो व्यवस्थित, म्हणजे मला पसंत. तारीख सोळा फेब्रुवारी.

फोन का नाही केला, ते तुला माहीत आहे. फोनवर तू सगळ्याला ‘हो हो’ म्हणतोस आणि ठेवल्यावर लेकाला, अमृतला, विचारतोस, ‘काय सांगत होती रे?’ सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात टर्बाइनपाशी काढलीस, तिथेच कान ठेवून आलास. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर आपल्या ग्रुपवर निम्मा तालुका. आणि हे मला फक्त तुझ्याशी बोलायचं आहे.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तू पाटावरून उठताना भिंत धरलीस. मी पाहिलं. चिकुनगुनियाने तुझी पार रया घालवली. आणि आपल्यात नवरीला मामा उचलून मांडवात आणतो. हे म्हणाले, ‘‘आजकाल मामा नुसता हात धरून आणतात. नाहीतर ललित उचलेल.’’ ललित म्हणजे ह्यांचा धुळ्याचा पुतण्या. जिमला जातो आणि समोर आरसा असल्याशिवाय जेवत नाही. मी विचारलं, ललित तिचा मामा आहे का? पेपर उघडून बसले.

भाऊ, माझ्या लग्नात आपला मामा हयात नव्हता. आबांनी तुला पुढे केलं आणि मामाच्या जागी तू मला उचलून आणलंस. तेव्हा तुला नुकती मिसरूड फुटली होती. माझ्या पोरीला दुसऱ्या कुणाच्या हातून मांडवात आलेलं मला बघायचं नाही. बस, एवढंच माझं मागणं.

म्हणून सोबत आस्कंदाची मुळं पाठवली आहेत, आपल्याच वाफ्यातली. एक मोडून बघ. कट्‌कन तुटून आत पांढरं निघालं म्हणजे माल चांगला. सूनबाईला, सारिकाला सांग, मुळं दुधात शिजवायची, कडक उन्हात वाळवायची, मग कुटून वस्त्रगाळ करायची. रात्री अर्धा चमचा, कोमट दुधात, वर साजूक तूप आणि खडीसाखर. तापाने मोडलेल्या माणसाला आस्कंद पुन्हा उभं करतो, असं आई म्हणायची. तुझ्या काविळीनंतर तिने हेच दिलं होतं, आणि त्या उन्हाळ्यात तू विहिरीत सूर मारायला लागलास. मात्र तुझी साखरेची गोळी चालू आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नकोस. आईच्या वेळी गोळ्या नव्हत्या.

आणि कानाला मशीन लाव बाबा. मंगलाष्टकं ऐकू आली नाहीत तर अक्षता कधी टाकशील?

तुझी बेबा

•

दीपनगर
३० नोव्हेंबर

बेबे,

बातमी वाचली आणि सगळ्या लाइनीत पेढे वाटले. अमृतला मिळालेलं हे क्वार्टर तसं लहान, पण तुझं पुडकं उघडल्यापासून त्यात एक घोडाही राहतो आहे. सारिका नाकाला पदर लावून म्हणाली, ‘‘नाना, हे प्यायचं की याला चारा घालायचा?’’ मी तिला सांगितलं, आस्कंदाला संस्कृतात अश्वगंधा म्हणतात ते उगाच नाही.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थोडं घ्या, साखर तपासत राहा आणि खडीसाखर विसरा. तेव्हा तुझ्या पाककृतीतली सगळ्यात गोड गोष्ट गेली. उरलेलं मी रोज रात्री डोळे मिटून पितो. तूप वर तरंगतं, भुकटी खाली बसते, आणि शेवटचा घोट गढूळ पाण्यासारखा लागतो. झोप मात्र छान लागते. तुझी वहिनी गेल्यापासून मी पहाटेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचो. आता पंखा फिरतो का बंद आहे, मला पत्ता नसतो.

ललितला सांग, त्याने वऱ्हाडाच्या बॅगा उचलाव्यात. नवरी मी आणणार. भिंत मी धरली नव्हती, तिला पोपडे आले होते ते चाचपत होतो.

आता मला एक सांग. पुनमचं वजन किती? इथे आमच्या कॉलनीबाहेर हाशमभाई म्हणून गादीवाले आहेत, माझे चहाचे सोबती. त्यांना मी सगळं सांगितलंय. ते म्हणतात, अंदाजाने कुणी गादी भरत नाही, आधी माप आणा.

मशीनचं नाव काढू नकोस. कानात बूच घालून फिरायला मी अजून म्हातारा झालेलो नाही.

भाऊ

•

अडावद
९ डिसेंबर

भाऊ,

भिंतीचे पोपडे! आमच्या घराला मागच्याच पाडव्याला रंग दिलाय.

वजन विचारलंस म्हणून पुनमच्या बायोडाट्यात बघितलं. अठ्ठेचाळीस लिहिलंय. पोरीला विचारलं तर ती हसली आणि आत गेली.

तुला झोप लागते हे वाचून जीव भांड्यात पडला. आस्कंदाचा पहिला गुण तोच. आई म्हणायची, झोपेत अंग भरतं. घाई करू नकोस, त्याचा गुण सावकाश येतो. इथे आमच्याकडे तयारी जोरात आहे. ह्यांनी चोपड्याच्या रस्त्यावरचं लॉन ठरवलं. मी दारात मांडव म्हणत होते, पण ऐकतं कोण. तिथे नवरीच्या खोलीपासून स्टेजपर्यंत लांबलचक गालिचा आहे, आणि स्टेजला पायऱ्या. मला पायऱ्यांची काळजी वाटते. ह्यांना बोलून दाखवली तर म्हणाले, ‘‘तुना भाऊ आस्कंद पी राहिना ना? मंग घोडा व्हई जाई, पायऱ्या काय, डोंगर चढी जाई!’’

चढशील ना?

बेबा

•

दीपनगर
२६ डिसेंबर

बेबे,

उत्तराला उशीर झाला. कारण सांगतो, पण ओरडू नकोस.

पायऱ्यांचं वाचलं आणि मी हिशेब केला की अर्ध्या चमच्याने पायऱ्या चढवणार नाहीत. प्लांटवर मागणी वाढली की आम्ही लोड वाढवायचो. तसाच मी दुधातला आस्कंद वाढवला. अर्ध्याचे दोन चमचे केले, आणि सकाळचा एक जास्तीचा. पोटाने पहिल्याच दिवशी संप पुकारला. वर झोप अशी, की दुपारी खुर्चीत बसलो तो दिवेलागणीलाच उठलो. अमृत घाबरून डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, ‘‘नाना, बॉयलरमध्ये कोळसा कोंबला म्हणून वीज वाढते का?’’ हे मी आयुष्यभर नव्या पोरांना शिकवत आलो, आणि स्वतः तेच केलं. आता पुन्हा अर्ध्या चमच्यावर आहे.

पण हाशमभाईंनी कमाल केली. त्यांनी जुन्या रुईचा आणि मध्ये वाळूच्या पिशव्यांचा एक भला मोठा लोड शिवला, बरोबर अठ्ठेचाळीस किलोचा. वर कापड कुठलं लावलं माहीत आहे? बांगडीच्या नक्षीचं, गुलाबी. सारिकाने त्याला ओढणी गुंडाळली. आता सगळी लाइन त्याला पुनमताई म्हणते. रोज संध्याकाळी मी तो लोड उचलतो आणि हाशमभाई बाजूला उभे राहून ओरडतात, ‘‘कमर सीधी, नवलभाऊ! घुटने से उठाओ!’’ त्यांचं मला ऐकू येतं, कारण ते कानापाशी येऊन ओरडतात. गादीवाल्याला वजन उचलायची अक्कल आमच्या क्रेन ऑपरेटरपेक्षा जास्त.

कालपर्यंत लोड गुडघ्यापर्यंत येत होता. आज छातीपर्यंत आला. चार पावलं चाललो. पाचवं नाही सांगत.

भाऊ

•

अडावद
४ जानेवारी

भाऊ,

ओरडणार नाही म्हणते, पण तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय का? आस्कंद म्हणजे युरिया नव्हे, जास्त टाकला की जास्त पीक. आपल्या गावात त्याचा पाला सुजेवर गरम करून बांधतात, मुळी दुधातून देतात, म्हाताऱ्यांना, वाळलेल्या पोरांना, कष्ट करून थकलेल्यांना. पण सगळ्यांना चिमूटभरच. आणि पोटुशीला तर कोणी देतच नाही. एवढं मला चौथी नापास बाईला कळतं आणि तुला डिप्लोमा असून कळेना!

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. फक्त लोडाचा मजकूर वाचला. हसून हसून त्यांचा चहा सांडला.

इकडची गंमत ऐक. पुनम पुण्याहून बँकेची बदली घेऊन आली तेव्हा नुसती काडी झाली होती, आठवतं ना? डबा खाऊन खाऊन पोटाची वाट लागलेली, रात्र रात्र जागायची. चाळीसगावच्या मंडळींत एक आत्याबाई आहेत. बघायला आल्या तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, मुलगी फार बारीक दिसते. मला लागलं ते. तेव्हापासून पुनमलाही आस्कंद सुरू केला, तुझ्यासारखाच, दूध आणि तुपातून. वर डिंकाचे लाडू. भाऊ, काय अंग धरलंय पोरीने! गाल वर आले, तोंडावर तेज आलं, शांत झोपते. परवा लग्नाच्या ब्लाउजची शिवण उसवून पुन्हा घालावी लागली. शिंपीणबाई म्हणाल्या, अजून दोन बोटं कापड ठेवते, लागेल.

नव्या पिकाची खणती या महिनाअखेरीस. झाडांची फळं लाल व्हायला लागलीत.

बेबा

•

दीपनगर
१९ जानेवारी

बेबे,

तुझं पत्र हाशमभाईंना वाचून दाखवलं. ब्लाउजच्या शिवणीपर्यंत आलो आणि त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग ते म्हणाले, ‘‘नवलभाऊ, ये तो आपकी बहन दोनों तरफ से खेल रही है.’’

अगं, तू एका हाताने माझं बळ वाढवतेस आणि दुसऱ्या हाताने माझं ओझं! त्याच वाफ्यातला आस्कंद, तसंच दूध, तेच तूप. मी एक किलो उचलायला शिकतो तोवर पोरगी दोन किलोने भरते. अशी शर्यत कोण जिंकणार? आणि तो बायोडाटा कधी छापलेला? मी अमृतला विचारलं, तर म्हणाला दोन वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हाही लग्नाच्या बायोडाट्यात वजन कोण खरं लिहितं, नाना? आम्ही लोड शिवला तो त्या कागदावर विसंबून.

खरं वजन कळव. लाजू नकोस, तिलाही सांग लाजू नको. मी दीपनगरात नोकरी केली, खोट्या आकड्यावर तिथे काही चालत नाही.

आता जरा मनातलं. हे फक्त तुला. मागच्या रविवारी मी लोड घेऊन जिना चढायला गेलो, लॉनच्या पायऱ्यांचा सराव म्हणून. तिसऱ्या पायरीवर गुडघा गेला. लोड माझ्या अंगावर आणि मी हाशमभाईंच्या अंगावर. लागलं कुणालाच नाही, लोड रुईचा होता. पण बेबे, खाली पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांसमोर तो लोड नव्हता, पुनम होती, शालू नेसलेली, सगळ्या पाहुण्यांसमोर. त्या रात्री आस्कंद पिऊनही झोप आली नाही. मला वाटतं, ललितचा विचार करून ठेव. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण पोरगी पडण्यापेक्षा ते बरं.

भाऊ

•

अडावद
२८ जानेवारी

भाऊ,

खरं वजन सत्तावन्न. पुनमने स्वतः काट्यावर उभं राहून सांगितलं आणि म्हणाली, मामाला सांग, लग्नापर्यंत लाडू बंद. मी लाडू कुलपात ठेवलेत.

ललितचा विचार मी केला होता. खोटं नाही सांगत, त्याला परवा बोलावलं पण होतं. त्याने येऊन विचारलं, ‘‘काकू, व्हिडिओवाला कुठल्या बाजूने असेल?’’ मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

तू पडलास ते तिसऱ्या पायरीवर, म्हणजे दोन चढलास. भाऊबीजेला तुला पाटावरून उठता येत नव्हतं. हे तू विसरलास, मी नाही विसरले. पण पोरीचा जीव मलाही प्यारा आहे. तेव्हा असं करू. हाशमभाईंना लग्नाला घेऊन ये, मानाने, आहेर करून. ते तुझ्या मागे चालतील. तुझा हात सुटला तर त्यांनी धरायचं. गाद्या शिवणाऱ्याच्या हातात पडली तर पोरीला लागणार थोडंच?

कालपासून खणती सुरू केली. पहिली मुळी विकायची नाही, घरातल्या कुणाला तरी दुधात शिजवून द्यायची, ही आईची रीत. या वर्षीची पहिली मुळी या पत्रासोबत आहे. अंगठ्याएवढी जाड निघाली. अर्धाच चमचा हं!

बेबा

•

अडावद
२५ फेब्रुवारी

भाऊ,

लग्न होऊन आठवडा उलटला तरी घरात पाहुण्यांचे टॉवेल सापडतायत. आज जरा टेकले म्हणून लिहिते.

मांडवात मी अंतरपाटापाशी उभी होते. बँड थांबला आणि खोलीचं दार उघडलं, तर तू फेटा बांधून, पुनमला दोन्ही हातांवर घेऊन. मागे हाशमभाई, हात पुढे पसरून, तोंडाने काहीतरी पुटपुटत. सगळा गालिचा तू पार केलास. पायऱ्यांशी आलास तेव्हा तुझ्या दंडाची थरथर मला स्टेजवरून दिसली. तिथे तू थांबलास. ह्यांनी माझा हात धरला, आणि हा माणूस लग्नातसुद्धा माझा हात धरायला लाजला होता! मग तू एक पाय वर टाकलास, दुसरा टाकलास, आणि वर आलास. चाळीसगावच्या आत्याबाई सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागल्या. मी रडले, ते सगळं व्हिडिओत आलंय, काय करणार.

ह्यांनी रात्री मला सांगितलं, ‘‘तुना भाऊ खरा मर्द शे.’’ असं ह्यांनी माझ्या माहेरच्या कुणाबद्दल आजवर म्हटलेलं नाही.

पुनमचा काल फोन आला होता. सुखात आहे. घर मोठं, माणसं चांगली, भूपेंद्र सकाळचा चहा करतो. पण सगळं सोडून तुझंच विचारत होती. म्हणाली, पायऱ्यांशी मामाचे हात थरथरायला लागले तेव्हा मी त्याच्या कानाशी म्हटलं, ‘‘मामा, माले खाले ठेव, मी चालस.’’ पण मामाला ऐकूच आलं नाही गं आई, तसाच घेऊन गेला. त्याला काही झालं असतं म्हणजे? तिला फार लागून राहिलंय. म्हणून सांगते, आता तरी कानाला मशीन लाव. पोरगी एवढी कानाशी बोलली तरी तुला ऐकू येत नाही, हे काही बरं नाही.

बेबा

•

दीपनगर
६ मार्च

बेबे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं. सारिकाने विचारलं, काय लिहिलंय, तर म्हटलं, टॉवेल सापडले म्हणते.

आता सांगतो ते तुझ्यापाशी ठेव. मशीन मी लग्नाआधीच घेतलं. तुझं पहिल्या मुळीचं पत्र आलं त्याच आठवड्यात. हाशमभाईंनी मागे चालायचं आणि त्यांनी ‘थांबा’ म्हटलं तर मला ऐकू यायला हवं, एवढ्यासाठी. लग्नात ते फेट्याखाली होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, मी सांगतच होते.

म्हणजे पुनम म्हणाली ते मला ऐकू आलं. शब्दन्‌शब्द. ‘माले खाले ठेव, मी चालस.’ आणि मी ठेवणारही होतो, बेबे. खरं सांगतो. हात भरून आले होते, आस्कंदाचं दूध, हाशमभाईंचा लोड, सगळं त्या पायरीशी संपलं होतं. मी वाकायला लागलो होतो.

पण त्यानंतर ती आणखी एक बोलली. तुला तिने ते सांगितलेलं दिसत नाही. मामा बहिरा, कुणाला कळणार नाही, म्हणून ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, ‘‘मामा, माले भ्याव वाटस.’’

मग मी तिला खाली कसा ठेवणार होतो, सांग. ज्या पोरीला भीती वाटतेय, तिला अर्ध्या वाटेत खाली ठेवतात का? पुढच्या पायऱ्या मी कशा चढलो, मला माहीत नाही. तुझ्या मुळीने चढवलं म्हण, किंवा काहीही म्हण. तू स्वतःच्या लग्नात बोलली नव्हतीस. नुसती माझी कॉलर धरून ठेवली होतीस, ती सुटली तेव्हा बटण तुटलं होतं. पुनमने कॉलर नाही धरली, पण बोलली. बरं झालं.

तिला भीती वाटली ते मला कळलं, हे तिला कधी सांगू नकोस. आणि मशीनचंही. ती माहेरी आली की मी टोपी घालून बसेन, कानावर ओढून. आपल्या घरात तिच्यासाठी एक कान असा असू दे, ज्यात तिला काहीही बोलता येतं. तिने न घाबरता बोलावं आणि मला कळावं, दोन्ही व्हायला हवं.

हाशमभाईंना तू आहेरात दिलेला फेटा फार आवडला, ते दुकानात बांधून बसतात. लोड उसवून त्यांनी त्यातली रुई पुन्हा पिंजली आणि पुनमसाठी गादी शिवली. चाळीसगावला पाठवतोय. वाळू तेवढी काढली आहे.

आणि आस्कंदाचं थोडं बी धाड. इथे क्वार्टरच्या मागे दोन वाफे केलेत. पोटुशीला देत नाहीत हे लक्षात आहे माझ्या, पण बाळंतपण होऊन गेल्यावर डॉक्टरांना विचारून द्यायला चालतं का, ते आताच विचारून ठेवतो आहे. माझी काही घाई नाही.

भाऊ